ब्रॅडवेलचा भरवसा

रविवार, १२ नोव्हेंबर १९३३

डॉक्टर सोहोनीच्या दवाखान्यासमोरच्या बाकावर आज पुन्हा माझ्या विलायती ब्रॅडवेल मोटारीचा पंचनामा झाला. रविवारी संध्याकाळी रोगी कमी असतात, म्हणून डॉक्टर आमच्या मोटारीची नाडी बघत बसतो. त्याच्याकडे डेल्टन आहे. अमेरिकन. पत्र्याच्या डब्याला चाके लावली की तिकडे त्याला मोटार म्हणतात. आप्पा खोत भाट्याहून तरीने खाडी ओलांडून खास या चर्चेला येतात. आप्पांकडे मोटार नाही, कधी नव्हती, आणि बैलगाडीतसुद्धा त्यांना मळमळते. पण मोटारींविषयी मते मात्र साऱ्या रत्नागिरीत त्यांच्याइतकी कुणाकडे नाहीत.

आक्षेप जुनाच. ब्रॅडवेलची पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली आहे. उभी चढण लागली की टाकी इंजिनाच्या खाली जाते, पेट्रोल पोचत नाही, आणि गाडी बंद पडते. म्हणून मोठी चढण आली की आम्ही गाडी फिरवतो आणि उलटी वर नेतो. टाकी वर, इंजिन खाली. गाडी आरामात चढते. यात दात काढण्यासारखे काय आहे ते मला अजून कळलेले नाही.

"वकीलसाहेब, कंपनीनं फसवलंन तुम्हाला," आप्पा म्हणाले. "गाडी उलटी जोडून दिलीन."

डॉक्टर म्हणाला, "पुढच्या मॉडेलात टाकी मागे जाणार आणि पंप बसणार, असं छापून आलंय. म्हणजे चूक होती हे कंपनीनंच कबूल केलं."

मी म्हटले, "सुधारणा निराळी आणि कबुली निराळी. हा फरक मी कोर्टात रोज समजावतो, आणि तिथे निदान समोरच्याला थोडी अक्कल असते." मग सर्वांदेखत सांगून टाकले, की पुढच्या महिन्यात आमच्या मुलीला, विमलला, सावर्ड्याला दाखवायला न्यायची आहे, ती याच गाडीने नेईन. सर्व्हिस मोटारीत सुकटीच्या टोपल्यांना टेकून नाही, आणि कुणाची डेल्टन मागून आणून तर नाहीच. गेलो तर ब्रॅडवेलने, नाहीतर गेलो नाही.

आप्पा हसले. त्यांच्या हसण्याला मी किंमत देत नाही.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

सावर्ड्याचे स्थळ उत्तम आहे. मुलगा मुंबईस आगबोटीच्या कचेरीत आहे. सर्व सूत्रे त्याच्या काकांच्या हाती. काकांचे म्हणणे, मुलगी पसंत पडली तर लग्न माघात, आणि मॅट्रिकबिट्रिकला बसवायचे नाही. सुनेने परीक्षा दिली की ती घरातल्यांची परीक्षा घेऊ लागते. माणूस कडक आहे, पण मुद्देसूद बोलतो.

विमलला सांगितले. ती म्हणाली, "परीक्षा मार्चात आहे, बाबा."

मी म्हटले, "लग्न माघात आहे. माघ आधी येतो."

यावर तिने मान खाली घालून माझ्या भांड्यात पाणी वाढले. मुलीला वळण चांगले लावले की असे होते. तिच्या आईने, सावित्रीने, मात्र आमटी वाढताना डाव इतका आपटला की थेंब माझ्या पंच्यावर उडाले. बायकांना स्थळाचे महत्त्व कळायला वेळ लागतो.

विमलचे इंग्रजी सुधारावे म्हणून हल्ली रोज संध्याकाळी तिच्याकडून ब्रॅडवेलचे माहितीपुस्तक मोठ्याने वाचून घेतो. माझा चष्मा जुना झाला आहे, ही गोष्ट वेगळी. ती वाचते, मी अर्थ सांगतो. आज 'गाडी सुरू न झाल्यास' हे प्रकरण तिने आपणहून दोनदा वाचले. मग विचारते, "बाबा, ठिणगी वाटणारं हे टोपण असतं ना, त्यातली कोळशाची कांडी कुणी काढून ठेवली, तर बाहेरून कळेल का?"

मी म्हटले, "आतली वस्तू बाहेरून कशी कळेल? अगदीच बाळबोध प्रश्न विचारतेस." तिने मान डोलावली. पोर मन लावून वाचते, पण यंत्राची समज बायकांना देवाने दिलेली नाही.

रविवार, १० डिसेंबर

लिहायलाही लाज वाटते. सकाळी सर्व तयार. सावित्रीने नारळाच्या वड्या करून घेतलेल्या, विमल जरीकाठी लुगडे नेसून उभी, मी रुमाल बांधून बसलेलो. आणि ब्रॅडवेल मुकी. आमचा ड्रायव्हर धाकू हँडल मारून मारून घामाघूम झाला. आळीतली रिकामटेकडी माणसे पागोळीखाली जमली. त्यांना सल्ला विचारावा लागत नाही.

इतक्यात डॉक्टर आपली डेल्टन घेऊन मुद्दाम इकडून गेला. थांबला. "आत्मारामपंत, गाडी देऊ का माझी? पोरीचा खोळंबा नको."

मी म्हटले, "गाडीला विश्रांती देतोय."

"देऊ दे ना ते," सावित्री हळूच म्हणाली. पण तिच्या म्हणण्यात जोर नव्हता. मी नको म्हटले. विमलने तेवढ्यात आत जाऊन लुगडे बदललेसुद्धा. म्हटले, निराश झाली असेल बिचारी. दुपारभर भूमितीचे पुस्तक घेऊन बसली होती. मन रमवायला मुले काय काय करतात.

सावर्ड्यास निरोप पाठवला, की अकस्मात अडचण.

सोमवार, ११ डिसेंबर

आज पहिल्याच हँडलला सुरू. काल काय झाले होते म्हणून धाकूला विचारले. तो डोके खाजवत म्हणाला, "गाडीच्या मनात नसंल साहेब. मी काय सांगनार?" या माणसाला मी पगार देतो.

रविवार, १७ डिसेंबर

बाकावर आज माझ्या गाडीच्या दुखण्याची चिकित्सा. डॉक्टरच्या मते ब्रॅडवेलच्या ठिणगीच्या तारा हलक्या प्रतीच्या. आप्पांच्या मते खारे वारे. "विलायतेत काय समुद्र आहे का?" असे ते म्हणाले. विलायतेला चारी बाजूंनी समुद्र आहे, हे या गृहस्थांना कुणी सांगावे! मग पुढच्या मॉडेलावर घसरले. चारी चाकांना ब्रेक येणार, गाडी आपोआप सुरू करणारी कळ येणार. आप्पा म्हणाले, "ती कळ दाबलीत की गाडी उलटी पळेल."

तरी दमट हवेचा मुद्दा मला पटला. अर्थात तो त्यांचा म्हणून नव्हे. घरी येऊन धाकूला हुकूम दिला, की रोज गाडी आणली की इंजिनावर इरले घालायचे. शेतकरी भर पावसात ज्याखाली कोरडा राहतो, त्याखाली ब्रॅडवेल दवात कशी भिजेल? असली साधी युक्ती विलायतेच्या इंजिनियरांना सुचत नाही.

रविवार, २१ जानेवारी १९३४

पुन्हा तेच. काकांनी मोठ्या मनाने दुसरा दिवस दिला होता. या खेपेला गाडी सुरू झाली, वेशीपर्यंत गेली, आणि विझली. धाकू खाली वाकला, टाकीखालच्या तोटीशी काहीतरी बघितले, मग वर येऊन मागच्या बैठकीवरच्या विमलकडे बघत राहिला. मी म्हटले, "तिच्याकडे काय बघतोस? इंजिन पुढे आहे!"

"व्हय साहेब. पुढंच हाय," म्हणाला आणि पुन्हा वाकला. पुष्कळ वेळ वाकून होता. शेवटी म्हणाला, "आज काय जमायचं नाय. पेट्रोल येतच नाय." गाडी बैल लावून परत आणली. ब्रॅडवेलला बैल! आप्पांना भाट्यास बातमी आमच्याआधी पोचली असणार.

घरी येताच पाहतो, तर दाखवायच्या मुलीची नखे काळी. मी ओरडलो, "अशा हातांनी सावर्ड्याला जाणार होतीस?" सावित्री मध्ये पडली, "अहो, काल काजळ पाडत होती ती." काजळ पाडायला एवढी नखे घालावी लागतात हे मला ठाऊक नव्हते. घरातल्या बायकांचे काम कसे गचाळ असते त्याचा हा नमुना.

दोन वेळा गाडी बंद पडली ती दोन्ही वेळा सावर्ड्याच्या दिवशीच. इतर दिवशी कोर्ट, बंदर, पावस, सगळीकडे बिनतक्रार. यात कंपनीचाच काहीतरी बनावटीचा दोष आहे. लांबच्या प्रवासाची चाहूल लागली की इंजिन कच खाते, असे दिसते. मुंबईच्या एजंटास सणसणीत लिहिणार आहे.

शनिवार, ३ मार्च

माघ गेला. काकांचा निरोप आला, की उद्या रविवारी शेवटची संधी. नाही आलात तर दुसरी मुलगी बघतो. विमलची परीक्षा परवा सोमवारी इथेच सुरू होते. मी होकार कळवला. पसंती झाली तर परीक्षेचा प्रश्नच मिटला, आणि नाही झाली तर रात्री परत येऊच.

हे ऐकून विमल जेवली नाही. सावित्री म्हणाली, "वर्षभर पहाटे उठून अभ्यास करत्ये पोर. एक आठवडा थांबले असते ते, तर काय आभाळ कोसळलं असतं?" मी म्हटले, "आभाळाचं मला सांगू नकोस, मला काकांचं बघायचं आहे." तिने पाठ फिरवली. या घरात माझ्याएवढा विचार कुणी करत नाही आणि माझ्याएवढी बोलणी कुणी खात नाही.

या खेपेला मी खबरदारी घेतली आहे. मला शंका आली आहे. डॉक्टर किंवा आप्पा कुणाकडून तरी गाडीत बिघाड करवतात, अशी. डेल्टनवाल्याच्या मनात काय काय असेल ते सांगता येत नाही. म्हणून गाडीखान्याला कुलूप घातले आणि किल्ली जानव्यात बांधली. आता जानव्याला हात घालण्याची छाती कुणाची आहे बघू.

संध्याकाळी विमल आपण होऊन जवळ येऊन बसली. डोळे सुजलेले होते, पण बोलली शहाण्यासारखी. म्हणाली, "बाबा, सावर्ड्याच्या अलीकडे चढण आहे ना? ती उलटीच न्यायची ना?"

मी म्हटले, "टाकी काठोकाठ भरली तर सरळही जाईल कदाचित."

"सरळ काय, कुणाचीही जाते," ती म्हणाली. "उलटी नेलीत तर त्या लोकांना ब्रॅडवेलची खरी ताकद दिसेल."

पहिल्यांदाच घरात कुणीतरी या गाडीबद्दल समजून बोलले. फार बरे वाटले.

सोमवार, ५ मार्च

दोन दिवसांचे एकदम लिहितो.

काल कुलूप काढले, पहिल्या हँडलला सुरू. म्हणजे माझी शंका खरी होती. डॉक्टरशी आता बोलणे नाही. शिमग्याचे दिवस, त्यामुळे रस्त्यात पालख्या. जागोजाग पोरे आडवी होऊन पोस्त मागत होती. संगमेश्वर ओलांडले, पुढेही गाडी सुरेख गेली. सावर्ड्याची चढण आली. सावित्री म्हणाली, "अहो, शुभकार्याला निघालोय. पोरीला पाठमोरी नका नेऊ त्यांच्या दारात."

मी विमलकडे पाहिले. ती म्हणाली, "बाबा सांगतील तसं."

मी धाकूला गाडी फिरवायला लावली आणि उलटी वर घातली. काय चढली! एकदाही कुरकुरली नाही. काकांचे घर चढण संपते तिथेच. ओटीवर सगळे स्वागताला उभे होते, म्हातारी आजी ओवाळायचे तबक घेऊन पुढे. आणि त्यांच्यापुढे आधी आमच्या गाडीची मागची बाजू गेली, मग आमच्या पाठी.

म्हातारीने तबक खाली ठेवले. म्हणाली, "गो बाय! मुलगी येत्ये का निघून चालल्ये?"

मी टाकीचे तत्त्व समजावून सांगितले. इंजिन खाली, टाकी वर. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे प्रत्येक शुभकार्याला हे असंच येणार का?" बाकी पोहे झाले, विमलने प्रश्नांना उत्तरे दिली, सुईदोरा ओवून दाखवला. निघताना "कळवतो" म्हणाले. 'कळवतो' म्हणजे काय ते कळायला मला वकील व्हावे लागले नाही. विज्ञानाचा गंध नसलेली माणसे! मोटारीचे तोंड बघून सून ठरवणार!

परत येताना संगमेश्वराशी गाडी बंद पडली. या खेपेला खरोखरच. ओळखीच्या घरी मुक्काम केला. सकाळी हँडल मारले तरी तेच. धाकूने मारले, मी मारले. अकरा वाजता विमलचा पहिला पेपर. सर्व्हिस मोटार येईतो परीक्षा सुरू होऊन जाणार. मी म्हटले, "जाऊ दे. पुढल्या वर्षी बस. नशिबात नव्हतं."

विमल गाडीतून उतरली. लुगड्याचा पदर खोचला. धाकूला म्हणाली, "पाना दे." त्याने दिला, माझ्याकडे न बघता. तिने पेट्रोलची नळी दोन्हीकडून सोडली, तोंडाला लावली आणि फुंकली. मग ओढली. तोंड पेट्रोलने भरले, ती रस्त्याच्या कडेला वाकून थुंकली, पुन्हा फुंकली. आतून तांबड्या गाळाची गोळी बाहेर आली. सावित्री तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि रडत होती. रस्त्यावरचे लोक बघत होते. कालच जिला दाखवून आणली ती माझी मुलगी भर रस्त्यात पेट्रोल थुंकत होती, आणि मी हातात हँडल धरून उभा होतो.

गाडी सुरू झाली. धाकू आनंदाने म्हणाला, "ताईंना समदं ठावं हाय, साहेब! त्या दोन येळंला त्यांनीच तर—" आणि तोंडावर हात ठेवला. ड्रायव्हरांची वाक्ये मी पुरी होईपर्यंत ऐकत नाही.

विमल वाटभर पुस्तक उघडून बसली होती. तिचे ओठ सुजले होते. मी दोनदा मागे वळून पाहिले. दुसऱ्यांदा तिनेही पाहिले, आणि नजर खाली घातली नाही. हे मला नवीन होते.

वेळेवर पोचलो. ती धावत आत गेली. मी फाटकाबाहेर उभा राहिलो. कोर्टात तारीख होती, ती पुढे घेतली.

शुक्रवार, ९ मार्च

सावर्ड्याचा नकार आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. पत्रिका नोव्हेंबरातच जुळली होती! असल्या घरात मुलगी न गेलेली बरी. सावित्री म्हणाली, "हे तुम्ही आज म्हणताय," आणि आत जाऊन गोडाचा शिरा केला. नकाराला शिरा करणारे घर कोकणात आमचे एकच असेल.

शनिवार, १७ मार्च

राजापूरचे स्थळ आले आहे. याच महिन्यात मुलगी दाखवायला घेऊन या म्हणतात. जेवताना सांगितले. म्हटले, "टाकी काठोकाठ भरू, सरळ जाऊ."

विमलने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाली, "बाबा, मला पुण्याला कॉलेजात जायचंय. कोर्टात, बंदरावर, कुठेही जाताना गाडी अडली तर मी दुरुस्त करून देईन. पण मला दाखवायला नेताना ती चालणार नाही. कुलूप घातलंत तरी नाही, आणि पुढच्या मॉडेलाची घेतलीत तरी नाही."

मी हसलो. जेवणघरात दुसरे कुणी हसले नाही. सावित्रीने माझ्या भातावर तूप वाढले आणि मी जेवेपर्यंत समोरून हलली नाही. विमलने तोच घास तीनदा उचलला आणि तीनदा ताटात परत ठेवला. एवढे धीट बोलून ती इतकी घाबरली होती, हे पाहून मला काय झाले ते नीट सांगता येत नाही. राग आला होता, पण तो तिच्यावर टाकावा तर जागाच सापडेना.

रविवार, १८ मार्च

सकाळी राजापूरकरांना पत्र टाकले.

संध्याकाळी अबोला सोडून बाकावर गेलो. डॉक्टर सोहोनी होता, आप्पा होते. त्यांनी मला जागा करून दिली आणि राजापूरला केव्हा निघताय म्हणून विचारले. मी म्हटले, निघत नाही. ब्रॅडवेल ही कोर्टात जायला ठीक आहे, पण मुलगी दाखवायला न्यायच्या लायकीची गाडी नव्हे. तिचा भरवसा नाही.

डॉक्टर चकितच झाला. आप्पांनी तर मला तेच पुन्हा एकदा म्हणायला लावले. मग दोघे पोट धरून हसले. "अखेर कबूल केलंत, वकीलसाहेब!" म्हणाले. "अहो, मग दुसरी घ्या की. डेल्टन घ्या!"

मी म्हटले, "नको. आमच्या घरी कुठलीही गाडी आली तरी तिला हेच दुखणं होणार." त्यावर ते आणखी हसले. मी हसू दिले.

पत्रातही तेच कळवले आहे. लिहून झाल्यावर विमलकडूनच वाचून घेतले, चष्मा जुना झाला आहे म्हणून. शेवटच्या ओळीला ती अडखळली आणि तीच ओळ पुन्हा वाचू लागली. मी म्हटले, "नीट वाच. पुण्यात असलं वाचन चालायचं नाही."